नसांचा दाह : वेदना शमविणे आणि नस वाचविणे



पायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, ही तक्रार ज्या घरात कधीच ऐकू आली नाही असे घर पेण-रोह्यात शोधून काढणे कठीण आहे. आपण तिला ‘वात’ म्हणतो, ‘शीर धरली’ म्हणतो, ‘अशक्तपणा’ म्हणतो, तेल चोळतो आणि चार दिवस वाट पाहतो. पुष्कळदा वाट पाहून फारसे बिघडत नाही. परंतु काही थोड्या रोग्यांच्या बाबतीत हेच चार दिवस फार महाग पडतात. त्या थोड्यांविषयी आज आम्हाला बोलावयाचे आहे. शरीराची संरक्षणशक्ती उलटून आपल्याच मज्जातंतूंवर चालून गेली म्हणजे जी वेदना होते ती आणि तिच्यावरील उपचार, हा आजचा विषय होय.

विषय वैद्यकाचा खरा, पण तो दवाखान्याच्या चार भिंतींत ठेवण्यासारखा नाही. पेणचा मूर्तिकार गणपतीचे डोळे आखतो, तेव्हा त्याची सारी कमाई कुंचला धरणाऱ्या तीन बोटांच्या टोकांत असते. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईला पायाखाली काटा आहे की शिंपला, हे तळव्यानेच कळावे लागते. धाटावच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याला जिन्याची पायरी न पाहता पायाला समजली पाहिजे. या सर्वांचा रोजगार शेवटी केसाहून बारीक अशा तंतूंवर अवलंबून असतो.

बोलताना आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि मज्जातंतूलाही शीर म्हणतो. आज आम्ही ज्याविषयी बोलत आहो तो दुसरा. तो विजेच्या तारेसारखा असतो. आत संदेश वाहणारा गाभा, आणि पुष्कळ तंतूंना वरून मायलिन नावाचे वेष्टन. काही तंतू मेंदूची आज्ञा स्नायूंकडे नेतात, काही स्पर्श, ऊन-थंड व दुखणे यांची वार्ता मेंदूकडे आणतात, आणि काही घाम, हृदयाचे ठोके, रक्तदाब अशी कामे आपल्या नकळत सांभाळतात. सर्वांत लांब तंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. त्यांची लांबी सुमारे एक मीटर भरते. जी तार सर्वांत लांब तिच्यात बिघाड होण्याचा संभव अधिक, म्हणूनच नसांचे बरेचसे विकार तळव्यांपासून सुरू होतात.

येथे एक कोडे आहे, आणि ते सुटल्याशिवाय पुढील विवेचन नीट कळणार नाही. रोगी म्हणतो, “पाय बधिर आहे, आणि पाय जळतोही आहे.” ऐकणाऱ्याला वाटते, बधिर असेल तर दुखेल कसा? दुखत असेल तर बधिर कसा? तो अतिशयोक्ती करतो आहे असे समजून घरची माणसे दुर्लक्ष करतात. परंतु रोगी अक्षरशः खरे बोलत असतो. दारावरच्या घंटेची तार झिजून एकमेकींना चिकटली म्हणजे दाराशी कोणी नसताना घंटा वाजत राहते, आणि खरा पाहुणा आला तर ती वाजतेच असे नाही. दुखावलेला तंतू असाच वागतो. बाहेरचा स्पर्श त्याला कळत नाही, आणि आतून मात्र तो आपण होऊन वेदनेचे संदेश पाठवीत सुटतो.

यावरून एक गोष्ट निघते. वेदना थांबली म्हणजे नस बरी झाली असे समजू नये. वेदना दोन कारणांनी थांबते: तंतू सुधारला म्हणून, किंवा तो मेला म्हणून. दुसऱ्या प्रकारच्या शांततेत समाधान मानणाऱ्या रोग्याचे हात-पाय पुढे कायमचे लुळे पडतात. म्हणून वेदना शमविणे हे एक काम आणि नस वाचविणे हे दुसरे काम. दोन्ही एकाच वेळी सुरू झाली पाहिजेत. पहिल्याला मुदत नाही, दुसऱ्याला आहे.

आता संरक्षणशक्ती उलटते म्हणजे काय होते? शेताला आपण राखणदार ठेवतो. रात्री कुंपणातून रानडुक्कर शिरले तर त्याने काठी उगारावी, हे त्याचे काम. परंतु त्याच वर्णाचे, त्याच अंगलटीचे घरचे जनावर अंधारात समोर आले आणि त्याने त्याच्यावरच घाव घातला, तर दोष त्याच्या स्वामिनिष्ठेचा नसून ओळखीचा असतो. आपल्या शरीरातील पांढऱ्या पेशी आणि त्यांनी तयार केलेली प्रतिपिंडे हे असेच राखणदार होत. बाहेरून आलेल्या जंतूचा एखादा भाग आपल्या मज्जातंतूच्या एखाद्या भागाशी मिळताजुळता निघाला, की घोटाळा होतो.

हा घोटाळा महाराष्ट्राने २०२५ सालच्या जानेवारीत पाहिला. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात, थोड्याच दिवसांत अनेक माणसे पायांतील अशक्तपणा घेऊन रुग्णालयांत दाखल झाली. कोणाला आधी जुलाब-उलट्या होऊन गेल्या होत्या. पुढील काही आठवड्यांत रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, कित्येकांना कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे लागले, आणि काही दगावले. रोगाचे नाव गियाँ-बारे. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, गियाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून त्याचे वर्णन केले होते. पुण्यातील काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा, दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारा जंतू सापडला. या जंतूच्या आवरणावरील एक साखरेची रचना आपल्या मज्जातंतूवरील रचनेसारखी असते. शरीर जंतूवर उठते आणि घाव तंतूवर बसतो.

या रोगात अशक्तपणाइतकीच वेदनाही असते, हे फारसे कोणी सांगत नाही. कंबर, पाठ, मांड्या यांत खोल ठणका लागतो, आणि कधी कधी तो पाय लटपटण्याच्या आधी येतो. पाठीत भरले असे समजून रोगी शेकत बसतो, आणि दोन दिवसांनी त्याला जिना चढवत नाही. म्हणून लक्षात ठेवावे: नवी कंबरदुखी, सोबत दोन्ही पायांत मुंग्या, आणि दिवसागणिक वर चढणारी शक्तिहीनता, एवढे एकत्र आले की तो घरी थांबण्याचा रोग नव्हे.

याचे उपचार दोन आहेत. पहिला म्हणजे रक्तद्रव बदलणे, ज्यात यंत्राच्या साहाय्याने रोग्याच्या रक्तातील प्रतिपिंडांनी भरलेला द्रव काढून टाकतात. दुसरा म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे. त्याचे प्रमाण शरीराच्या दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम लागते, आणि खर्च लाखांच्या घरात जातो. दोन्ही उपचारांचा गुण जवळजवळ सारखा आहे. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या दोन आठवड्यांत आणि रक्तद्रवबदल पहिल्या चार आठवड्यांत झाल्यास उपयोग होतो. उशीर झाल्यावर तेच महागडे औषध फारसे काही करू शकत नाही. आणि नवल असे की, दाहावरचे जे प्रसिद्ध औषध स्टेरॉइड, ते या रोगात एकट्याने काहीच गुण देत नाही.

हे नवल विसरू नये, कारण याच जातीच्या दुसऱ्या रोगांत स्टेरॉइड प्राण वाचविते. गियाँ-बारेचा एक संथ भाऊबंद आहे. तो आठ आठवड्यांहून अधिक काळ हळूहळू वाढत राहतो. त्याला स्टेरॉइड लागू पडते. आमवात, ल्यूपस यांसारख्या विकारांत कधी कधी मज्जातंतूला रक्त पुरविणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांनाच दाह होतो. मग एके सकाळी तीव्र वेदना होऊन एका पायाचे पाऊल पडते, काही दिवसांनी दुसऱ्या बाजूचे मनगट लुळे पडते. येथे रक्त तुटल्याने तंतू मरत असतो, म्हणून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड आणि सोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब यांसारखी, संरक्षणशक्तीला लगाम घालणारी औषधे तातडीने द्यावी लागतात. एकाच तक्रारीचे चार रोग आणि चारांचे उपचार निराळे. म्हणूनच शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घेणे हा निव्वळ जुगार होय.

एका प्रकाराविषयी आम्हाला विशेष आस्थेने सांगावयाचे आहे, कारण त्यात अन्याय घडतो. स्योग्रेन नावाचा एक विकार आहे. त्यात डोळे व तोंड कोरडे पडते, आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतो. त्यात व अशाच इतर काही विकारांत केवळ अतिसूक्ष्म तंतूंना इजा होते. पाय, हात, कधी चेहराही जळत राहतो. परंतु नसांची जी नेहमीची विजेची तपासणी असते, ती जाड तंतूंची परीक्षा करते. बारीक तंतूंचा बिघाड तिच्यात दिसत नाही. कागदावर ‘सर्व ठीक’ असा शेरा येतो, आणि घरी सासू, नवरा, क्वचित डॉक्टरही म्हणतात, “हिला काही झालेले नाही, मनाचे आहे.” ती बाई मग बोलणेच सोडून देते. बंधुभगिनींनो, तपासणीत न सापडणे म्हणजे रोग नसणे नव्हे. त्वचेचा एक लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील तंतू मोजता येतात. आपल्या घरातील स्त्री सहा महिने पाय जळतात म्हणून सांगत असेल आणि तिला भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळवत नसेल, तर या दोन तक्रारी डॉक्टरांना एकत्र सांगाव्या. त्या निराळ्या नसण्याचा संभव असतो.

आता आपल्या कोकणच्या संदर्भात एक नाव घेतलेच पाहिजे, आणि ते घेताना आवाज खाली आणण्याचे कारण नाही. ते नाव म्हणजे कुष्ठरोग. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम आरंभिले. आपल्याच जिल्ह्यात पनवेलजवळ नेरे येथे शांतिवन उभे आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. कुष्ठरोग हा स्वतः जंतूचा रोग होय. तो जंतू हान्सेन यांनी १८७३ साली दाखविला. परंतु त्यातील मोठी हानी पुष्कळदा जंतूने होत नाही. ती होते जंतूविरुद्ध पेटलेल्या शरीराच्या प्रतिक्रियेने. चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात, कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड होऊन दुखते, करंगळी वळू लागते. ही प्रतिक्रिया औषध चालू असताना येते, आणि औषध संपल्यानंतरही येऊ शकते. रोगी घाबरून औषधच टाकतो, आणि तेथे घात होतो. योग्य मार्ग असा की, जंतूचे औषध बंद न करता त्याच्या जोडीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन कित्येक आठवडे द्यावयाचे. नसेचे काम बिघडल्यापासून सहा महिन्यांच्या आत हे झाले, तर हात वाचण्याची आशा चांगली असते.

कुष्ठरोगाचे संयुक्त औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. सार्वजनिक प्रश्न या अर्थाने रोगाचे निर्मूलन झाल्याचे भारताने २००५ च्या अखेरचा आधार घेऊन जाहीर केले. पण नवे रुग्ण आजही आढळतात. म्हणून बधिर चट्टा आणि दुखरी नस एकत्र दिसली की, लाजेने महिने घालविण्यापेक्षा एक फेरी दवाखान्यात मारावी.

नस वाचविण्याचे काम येथवर सांगितले. आता वेदना शमविण्याचे. दुकानातून सहज आणली जाणारी अंगदुखीची गोळी या वेदनेवर फारशी चालत नाही, आणि महिनोन्महिने घेतल्यास मूत्रपिंडाला अपाय करते. नसेच्या वेदनेची औषधे निराळी आहेत. ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन ही त्यांतील मुख्य होत. पहिल्या दोन औषधांचा शोध मनाच्या खिन्नतेसाठी लागला, पुढच्या दोन औषधांचा फेफऱ्यासाठी. म्हणून चिठ्ठीवरील नाव वाचून “डॉक्टरांनी मला वेडा ठरविले” असे कोणी समजू नये. तंतूंची खोटी घंटा ज्या मार्गाने वाजते, तो मार्ग ही औषधे शांत करतात.

पण अपेक्षा खरी ठेवावी. अनेक चाचण्या एकत्र करून २०१५ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यानुसार ॲमिट्रिप्टिलिनच्या जातीची औषधे दिलेल्या सुमारे चार रोग्यांमागे एकाला, आणि इतर औषधांत सहा ते आठ रोग्यांमागे एकाला, औषधामुळे वेदना निम्म्याने कमी झाल्याचा लाभ होतो. याचा अर्थ औषध निरुपयोगी आहे असा नव्हे. याचा अर्थ असा की, पहिल्या औषधाने गुण आला नाही तर दुसरे पाहावे लागते, मात्रा हळूहळू वाढवावी लागते, आणि दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो. ॲमिट्रिप्टिलिन बहुधा रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. वयस्कर माणसाला लघवीचा अडथळा, काचबिंदू किंवा हृदयविकार असेल, तर ते त्याने आधीच सांगावे.

काही गोष्टी करू नयेत, त्याही सांगतो. एक, कोणाही भोंदूची पुडी घेऊ नये. ज्या पुडीने दोन दिवसांत सांधे मोकळे होतात आणि भूक वाढते, तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. १९४८ साली आमवाताच्या रोग्यावर कॉर्टिसोनचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा जग थक्क झाले, आणि १९५० साली त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तेच औषध बेहिशेबी घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षयरोग उफाळतो. दोन, डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड बरे वाटले म्हणून एकदम बंद करू नये. ते पायरीपायरीने उतरवावयाचे असते. तीन, बधिर पायाला गरम पाण्याचा किंवा विटेचा शेक देऊ नये. भाजले तरी कळत नाही, आणि जखम चिघळते. चार, हा विकार आपल्याला आहे असे घरी बसून ठरवू नये. पाय जळण्याचे सर्वांत सामान्य कारण मधुमेह आहे. त्याखेरीज ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, दारू, थायरॉइड ही कारणे असतात. ती साध्या रक्ततपासणीत आणि विचारपुशीत सापडतात. कारखान्यात रसायनांशी संबंध येत असेल, तर तेही सांगावे. काही द्रावके आणि जड धातू नसांना बाधतात.

मग पेणच्या किंवा रोह्याच्या माणसाने करावे काय? प्रथम एक वही करावी. तक्रार कोणत्या तारखेला, कोणत्या जागी सुरू झाली आणि कोठवर चढली, हे तीत लिहावे. आम्ही मुदत म्हणतो ती याच तारखेपासून मोजावयाची असते, आणि पुष्कळांना ती आठवत नाही. दुसरे, घरच्या घरी तीन गोष्टी पाहाव्या. डोळे मिटून तळव्याला कापूस लावला तर कळतो का? टाचांवर दहा पावले चालता येते का? चप्पल पायातून निसटली तर समजते का? यांपैकी एक उत्तर जरी नकाराचे आले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. तिसरे, अशक्तपणा तासागणिक वर चढत असेल, गिळताना ठसका लागत असेल, आवाज बारीक झाला असेल किंवा एका श्वासात वीसपर्यंत मोजता येत नसेल, तर उद्याची गाडी पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि श्वासयंत्राची सोय जेथे असेल तेथेच न्यावे. पेणहून अलिबाग आणि पनवेल दोन्ही जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. कोठे जावयाचे याचा वाद रात्री बारा वाजता घालण्यापेक्षा आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयात पोहोचताच करावी, आणि शिधापत्रिका व आधारपत्र सोबत ठेवावे.

शेवटी काळाचा एक हिशेब. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. गुडघ्यापासून बोटांपर्यंतचे अंतर अर्धा मीटर धरले, तर पाचशे दिवस लागतात. कमरेपासून धरले, तर जवळजवळ तीन वर्षे. हा धीराचा हिशेब रोग्याने ठेवावा, आणि त्याहून अधिक घरच्यांनी ठेवावा. या काळात रोग्याला औषधाइतकाच व्यायाम लागतो, बधिर पावलांची रोज रात्री कोणीतरी पाहणी करावी लागते, आणि “अजून दुखते का?” असे त्रासून न विचारणारे माणूस लागते. सर्वच तंतू परत येतील असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. गियाँ-बारेच्या रोग्यांतही सुमारे पाचांपैकी एकाला सहा महिन्यांनंतर आधाराशिवाय चालता येत नाही. पण उरलेले चार चालतात.

ज्या इम्युनोग्लोब्युलिनने त्यांतील कित्येक उभे राहतात, ते कोणत्याही कारखान्यात शून्यातून तयार होत नाही. हजारो अनोळखी माणसांनी दिलेल्या रक्तातून ते गोळा करावे लागते. संरक्षणशक्ती उलटलेल्या माणसाला इतरांची संरक्षणशक्ती उसनी द्यावी लागते, असाच याचा अर्थ. पुढच्या वेळी आपल्या गावात रक्तदानाचे शिबिर भरले, तर तेवढे ध्यानात ठेवावे.